उठाआत्या आणि दुसऱ्या मजल्यावरची खिडकी

उठाआत्यांची आणि माझी पहिली भेट सुरू झाली तेव्हा मी बसलेलो होतो. संपली तेव्हा उभा होतो. मधल्या वेळात नेमकं काय झालं ते मला आजही धड सांगता येत नाही. भूकंपातून वाचलेल्या माणसाला तपशील विचारू नयेत.

जागा होती डॉक्टरांच्या दवाखान्याची बाहेरची खोली. माझी कंबर धरली होती. कंबर धरलेल्या माणसाइतका दुःखी प्राणी जगात दुसरा नाही, असं त्या दिवशी माझं ठाम मत होतं. खोलीत भिंतीला लागून बाकं होती आणि हातांची खुर्ची एकच होती. तिच्यात मी रुतून बसलो होतो. तेवढ्यात दार उघडलं. पंखा मंदावला. एक पोर मघापासून भोकाड पसरून रडत होतं, ते तोंड तसंच उघडं ठेवून गप्प झालं. कंपाउंडरने शर्टाचं वरचं बटण लावलं. भिंतीवरच्या तक्त्यातला सांगाडासुद्धा जरा ताठ झाल्यासारखा मला वाटला. दारात एक ठेंगण्या बाई उभ्या होत्या. केस पांढरे, चष्मा दोरीला बांधलेला, आणि काखेत बुटांच्या दुकानात असतं तसलं एक बुटकं स्टूल. त्यांनी खोलीभर नजर फिरवली, पण ती जमिनीलगत. कुणाच्याही तोंडाकडे न बघता नुसते पाय तपासत तपासत ती नजर माझ्या बुटांशी येऊन थांबली.

"उठा," त्या म्हणाल्या.

मी उठलो. उठून उभा राहिल्यावर मला आठवलं की मला उठता येत नव्हतं. घरून इथवर मला बायकोने आणि टॅक्सीवाल्याने दोन्हीकडून धरून आणलं होतं.

"अहो, पण माझी कंबर..."

"कंबरवाल्यांनी बाकावर बसायचं, पाठ सरळ राहते. हातांची खुर्ची गुडघेवाल्यांची. धरायला काही असल्याशिवाय गुडघा उठत नाही." असं म्हणून त्यांनी मागे उभ्या असलेल्या एका आजोबांना खुर्चीत बसवलं आणि माझ्याकडे न बघता, म्हणजे माझ्या तोंडाकडे न बघता, पुढे म्हणाल्या, "आणि आठ नंबरचा पाय सात नंबरच्या बुटात कोंबून हिंडलात तर कंबर धरायचीच."

मी त्याच संध्याकाळी आठ नंबरचे बूट घेतले. कंबर होती तशीच दुखत राहिली, पण पाय त्या दिवसापासून सुखात आहेत. आत्यांच्या बऱ्याच सल्ल्यांचं असंच व्हायचं. दुखतं तिथे काही नाही, पण दुसरीकडे कुठेतरी बरं वाटायचं.

त्यांना समोर सगळे 'आत्या' म्हणत आणि पाठीमागे 'उठाआत्या'. बसमध्ये, बँकेत, पोस्टात, बागेत, जिथे कुणी तरुण माणूस ऐसपैस बसलेला आणि कुणी म्हातारं माणूस उभं, तिथे आत्या कुठून तरी उगवत आणि तो एकच शब्द उच्चारत. आवाज चढलेला नसे. दूधवाला 'दूध' म्हणतो तितक्याच सहज त्या 'उठा' म्हणत. लोक उठत. मी एकदा बसमध्ये एका धिप्पाड पोलिसाला उठताना बघितलं आहे. उठल्यावर तो बराच वेळ स्वतःच्या हातपायांकडे बघत होता, हे कुणी केलं म्हणून.

आत्यांचं सगळं आयुष्य हमरस्त्यावरच्या बुटांच्या दुकानात गेलं. लग्न केलं नाही. "गिऱ्हाइकांचे पाय बघून बघून माणसावरचा विश्वास उडाला," असं त्या सांगत, पण त्यांच्या विनोदाचा आणि सत्याचा सांधा कुठे आहे हे कुणालाच कळत नसे. त्या ठेंगण्या स्टुलावर बसायचं, गिऱ्हाइकाचा पाय पुढच्या उतरत्या फळीवर ठेवून घ्यायचा, माप घ्यायचं, बूट चढवायचा, अंगठा कुठवर येतो ते दाबून बघायचं. त्यामुळे गाव त्यांनी गुडघ्यापासून खाली पाहिलं. तोंडं त्या विसरत, टाचा नाही. एकदा बाजारात एक गृहस्थ मोठ्या प्रेमाने त्यांची चौकशी करत होते आणि आत्या कोरड्या चेहऱ्याने हो-नाही करत होत्या. मग त्यांची नजर खाली गेली आणि एकदम चेहरा उजळला. "अगं बाई, तुम्ही होय. डाव्या पायाला भोवरी."

म्हातारपण कसं येतं हे त्यांना त्या स्टुलावरून दिसलं. माणूस आधी नाडीचे बूट घेतो. काही वर्षांनी म्हणतो, बिननाडीचे दाखवा, वाकायचा कंटाळा येतो. मग म्हणतो, जरा सैल द्या. मग एक दिवस तो येतच नाही, त्याचा मुलगा येतो. त्याच्या हातात वर्तमानपत्राचा तुकडा असतो आणि त्याच्यावर पेन्सिलीने काढलेली पावलाची आकृती. "बाबांसाठी या मापाचे द्या."

"बाबा का नाही आले?" आत्यांनी पहिल्यांदा असं विचारलं तेव्हा मुलगा म्हणाला होता, "दुकानाला पायऱ्या आहेत ना."

पायऱ्या दोनच होत्या. आत्या रोज त्या चढत-उतरत होत्या आणि त्यांना त्या कधी दिसल्या नव्हत्या. त्या दिवशी दिसल्या, आणि त्यानंतर दुसरं काही दिसेना. त्यांनी पेन्सिलीच्या पावलाला बूट विकला नाही. संध्याकाळी दुकान बंद झाल्यावर खोक्यांची चळत आणि स्टूल घेऊन त्या बाबांच्या घरी गेल्या. पुढे अशी घरं वाढत गेली. पाय दाखवता दाखवता म्हातारी माणसं बोलत. बागेत बाक आहे पण त्याला हात नाहीत, बसलं की उठवायला कुणी लागतं. रस्ता ओलांडताना निम्म्यावर दिवा लाल होतो आणि मग मोटारी अंगावर ओरडतात. पोस्टाच्या जिन्याला कठडा नाही. या तक्रारी त्या माणसांनी कधी कुणापुढे मांडलेल्या नव्हत्या. बूट चढवणारी बाई पायाशी बसलेली असते, तिच्यापुढे काय लाजायचं.

दुकानाच्या दोन पायऱ्यांच्या जागी उतार घालायला मालकाला त्यांनी भाग पाडलं, हा त्यांचा पहिला विजय. मालक म्हणत, "बाई, तुम्ही माझ्याकडे नोकरीला आहात की मी तुमच्याकडे?" नोकरी संपली तेव्हा त्याच मालकांनी त्यांना भिंतीवरचं घड्याळ देऊ केलं. आत्या म्हणाल्या, वेळ मला समजते, स्टूल द्या. ते स्टूल मग आजतागायत त्यांच्या काखेतून सुटलेलं नाही.

त्यांची लढाईची पद्धत म्हणजे ते स्टूल. अर्ज-विनंत्यांवर त्यांचा विश्वास नव्हता. "कागद दिला की तो फायलीत जातो. मी फायलीत मावत नाही," असं त्या म्हणत. त्या थेट अधिकाऱ्याच्या खोलीत शिरत, टेबलाच्या बाजूला, त्याच्या बुटांपाशी स्टूल मांडत आणि बसत. अधिकाऱ्याची मोठी पंचाईत होई. अंगावर ओरडायचं तर समोर कुणी दिसत नाही. बोलायचं तर टेबलाच्या कडेवरून ओणवं व्हावं लागतं. आणि ओणवा झालेला अधिकारी रुबाबात बोलूच शकत नाही, हवं तर कुणीही करून बघावं. त्यातून आत्या मध्येच म्हणणार, "साहेब, उजवी टाच आतून झिजलीय. घरी काही ताण आहे का?" बागेतल्या बाकांना हात आले. चौकातला दिवा जरा जास्त वेळ हिरवा राहू लागला. पोस्टाला कठडा बसला.

आता त्यांचं कौतुकच करत बसलो तर आत्यांवर अन्याय होईल. बाई हट्टी होत्या. साठीच्या पुढचा प्रत्येक माणूस अज्ञान बालक आहे असं त्या धरून चालत. माझे सासरे चहाच्या टपरीशेजारच्या बुटक्या भिंतीवर बसून रस्त्यावरची गंमत बघत. तेवढंच त्यांचं सुख होतं. आत्यांनी त्यांना तिथून उठवून बागेतल्या हातांच्या बाकावर नेऊन बसवलं, तिथून फक्त दुसरा बाक दिसायचा. आठवडाभर सासरे आत्या येताना दिसल्या की टपरीमागे लपत. सत्तरी ओलांडलेला माणूस इतका चपळ असू शकतो हे मला तेव्हा कळलं. एका परीने हेही आत्यांचंच यश म्हणायला हवं.

एका माणसावर मात्र आत्यांची मात्रा चालत नसे. तो म्हणजे त्यांचा थोरला भाऊ. सगळे त्यांना दादा म्हणत. दादा पाणीखात्यात होते, गावाचं पाणी सोडायचं आणि बंद करायचं काम त्यांनी जन्मभर केलं. बोलणंही तसंच, वेळेवर आणि मोजून. वहिनी गेल्यावर ते आत्यांकडे राहायला आले. तोवर मीही त्यांच्या घरासमोर राहायला आलो होतो, त्यामुळे भावाबहिणीचे संवाद मला फुकट ऐकायला मिळत.

"दादा, ती खुर्ची नको घेऊ, तिला हात नाहीत."

"मला दोन आहेत. पुरतात."

या दादांचं हृदय अशक्त झालं. डॉक्टरांनी जिना चढायला साफ मनाई केली. घर तळमजल्यावर होतं, त्यामुळे एरवी काही अडलं नसतं. पण वर्षातून एकदा निवृत्तिवेतनासाठी हयातीचा दाखला लागायचा. म्हणजे आपण अजून जिवंत आहोत हे नगरपालिकेच्या कचेरीत जातीने हजर राहून, खिडकीसमोर उभं राहून सिद्ध करायचं. ही खिडकी दुसऱ्या मजल्यावर होती. लिफ्ट नव्हती. जिना असा की धडधाकट माणसाच्यासुद्धा मनात वर पोचेपर्यंत आपण जिवंत आहोत की नाही याबद्दल शंका यावी. ही सोय ज्याने आखली त्याचा हेतू बहुधा परीक्षा घेण्याचा असावा. जो वर पोचला तो जिवंत, बाकीच्यांबद्दल चौकशीची गरज नाही.

आदल्या वर्षी दादांना खुर्चीत बसवून वर नेलं होतं. वॉचमन एका बाजूला, शिपाई दुसऱ्या बाजूला. मधल्या वळणावर दोघांना धाप लागली, त्यांनी खुर्ची खाली ठेवली आणि आता दादांचं तोंड कुठल्या दिशेला फिरवायचं यावर त्यांचा वाद सुरू झाला. तेवढ्यात वरून एक गृहस्थ उतरत होते. खुर्ची, दोन वाहणारे, वर डोळे मिटून बसलेला म्हातारा. गृहस्थ बाजूला सरले, भिंतीला टेकले आणि त्यांनी आदराने मान खाली घातली.

दादांनी नेमके तेव्हाच डोळे उघडले.

घरी आल्यावर त्यांनी जाहीर केलं, "आता पुन्हा मी त्या जिन्यावर नाही. माणसांच्या खांद्यावरून एकदाच जायचं असतं, आणि तेव्हा मी जागा नसेन."

"आणि दाखला?"

"मेलो म्हणून सांग."

हे ते चेष्टेने बोलत नव्हते. आत्यांना ते कळलं होतं. निवृत्तिवेतन बंद पडलं तर घर कसं चालायचं हा प्रश्न होताच. पण त्यांना घोर वेगळाच लागला होता. दादा जिवंत असताना कचेरीच्या लेखी मेले, तर ते स्वतःही ते मान्य करून टाकतील, अशी भीती त्यांच्या मनात बसली होती. हल्ली ते सकाळी उशिरा उठत होते. वर्तमानपत्र उघडत नव्हते. पायात बूट घालायला नको म्हणत होते, आणि बूट नको म्हणणाऱ्या माणसाचं पुढे काय होतं ते आत्यांनी जन्मभर पाहिलं होतं.

तेव्हा आत्यांनी स्टूल उचललं आणि खिडकी खाली आणण्यासाठी कचेरीच्या मोठ्या साहेबांच्या बुटांपाशी मांडलं. मोठे साहेब माणूस वाईट नव्हते, पण थकलेले होते. ते ओणवे होऊन म्हणत, "आत्या, तळमजल्यावर जागा नाही हो." आणि ते खरं होतं. तळमजल्यावर जुन्या फायलींची खोली होती, चाकं नसलेली एक सरकारी मोटार होती आणि वॉचमनची केबिन होती. पुढच्या आठवड्यात आत्या पुन्हा जात. "प्रस्ताव विचाराधीन आहे." त्याच्या पुढच्या आठवड्यात पुन्हा. आत्यांना साहेबांच्या बुटांची शिवण पाठ झाली. दादांचा महिना जवळ येत चालला.

अशा वेळी आमच्या भागातल्या लोकांनी आत्यांचा सत्कार करायचं ठरवलं. सत्कार समितीचे अध्यक्ष झाले आमचे औषधवाले. गावातल्या तमाम म्हाताऱ्यांच्या गोळ्या त्यांच्या दुकानातून जात असल्यामुळे ज्येष्ठांविषयी त्यांना मनापासून जिव्हाळा होता. गृहस्थ स्वतः पासष्टीचे, पण स्वतःला त्या गटात धरत नसत. कार्यक्रमांची त्यांना भारी हौस. मानपत्र लिहायचं आणि वाचायचं काम माझ्याकडे आलं, कारण भागात जो माणूस काही छापून आणतो त्याला काहीही लिहायला सांगता येतं असा समज आहे.

सभागृह औषधवाल्यांनी मोठ्या खटपटीने मिळवलं. नगरपालिकेचंच सभागृह. गाद्यांच्या खुर्च्या, मखमली पडदा, खणखणीत माइक. मोठे साहेब स्वतः प्रमुख पाहुणे. सभागृह त्याच कचेरीच्या तिसऱ्या मजल्यावर होतं. निमंत्रणपत्रिकेत तसं ठळक छापलं होतं आणि खाली विनंती होती, 'ज्येष्ठ नागरिकांनी वेळेवर येऊन आपापल्या जागा घ्याव्यात.' ही पत्रिका समितीतल्या सगळ्यांनी वाचली, छापखान्यात वाचली गेली, मी वाचली, माझ्या बायकोने वाचली आणि एक चूक काढली, ती माझ्या नावातली. तिसऱ्या मजल्यावर कुणाची नजर अडखळली नाही.

खरी गोष्ट पुढेच आहे. पत्रिका आत्यांनीही वाचली. त्यांचीही नजर अडखळली नाही.

ज्या बाईला गावातली प्रत्येक पायरी खुपत होती, तिला तो तिसरा मजला दिसला नाही. कारण साधं होतं. आत्या हरखून गेल्या होत्या. जन्मभर दुसऱ्यांच्या पायाशी बसलेल्या बाईला कुणीतरी व्यासपीठावर बसवणार होतं. त्यांनी स्वतःसाठी नवे बूट घेतले. जुन्या दुकानात जाऊन, गिऱ्हाईक म्हणून खुर्चीत बसून. नव्या पोरीने त्यांचं माप घेतलं तेव्हा म्हणे त्या लाजल्या. मला दोनदा विचारलं, "मानपत्रात काय लिहिलंय रे? फार नको हं लिहू." फार नको म्हणणाऱ्या माणसाला किती हवं असतं ते मला माहीत आहे. मी एक पान वाढवलं.

कार्यक्रमाच्या दिवशी, ऐन कामाच्या वारी, दुपारी आम्ही समितीची मंडळी सभागृहात सज्ज होतो. गाद्यांच्या खुर्च्या रिकाम्या. वेळ झाली, तरी रिकाम्या. मोठे साहेब घड्याळ बघू लागले.

"म्हातारी माणसं, उशीर होणारच," औषधवाले म्हणाले. "तुम्ही जरा खाली बघून या."

मी खाली उतरलो. शेवटच्या वळणावर पोचलो आणि थांबलो. पुढे जायला जागाच नव्हती. जिन्याच्या खालच्या पायऱ्यांवर म्हातारी माणसं बसली होती, आजोबा, आज्या, काठ्या, पिशव्या, शाळेच्या फोटोत बसतात तशी एकाच्या वर एक. जितका ज्याचा दम, तितक्या उंचीवर तो. आणि सगळ्यात खाली, पहिल्या पायरीच्याही अलीकडे, आत्या स्टुलावर बसल्या होत्या, शेजारी दादा. दादांच्या अंगात इस्त्रीचा शर्ट होता. पायात, खूप दिवसांनी, बूट.

काय झालं ते मला नंतर कळलं. दादा बहिणीचा सत्कार बघायला म्हणून स्वतःहून तयार झाले होते. तिच्या बरोबरीने चालत कचेरीपर्यंत आले आणि जिन्याशी थांबले. वर बघत म्हणाले, "कार्यक्रम वर आहे होय." बस, इतकंच. टोमणा नव्हता त्यात. पण आत्यांनी पिशवीतून पत्रिका काढली, चष्मा लावला, ती पुन्हा वाचली आणि स्टूल मांडून खाली बसल्या. वॉचमन लगबगीने खुर्ची घेऊन आला. दादांनी नुसता हात हलवला. "तू जा गं वर," ते बहिणीला म्हणाले. "माइक आहे ना, इथवर ऐकू येतं. मी ऐकतो."

आत्या जागच्या हलल्या नाहीत. मागून येणारी माणसं कोण बसलंय ते बघून तिथेच बसत गेली.

मी त्या गर्दीतून कसाबसा वाट काढत खाली पोचलो. "आत्या, उठा," मी म्हणालो. हे वाक्य त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच कुणी ऐकवत असेल. "साहेब वाट बघतायत."

आत्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि चक्क तोंडाकडे पाहिलं. डोळे भरलेले होते.

"मला दिसलंच नाही रे," त्या म्हणाल्या. "मला. दिसलंच नाही."

खिशातल्या मानपत्रात 'दूरदृष्टी' हा शब्द चार वेळा होता. दादाच म्हणाले, "तुला एरवी फार दिसतं. एखाद दिवस सुट्टी."

वरून बुटांचा आवाज आला. मोठे साहेब उतरत होते, मागे औषधवाले. साहेब वळणावर आले आणि माझ्यासारखेच अडकले. दोन पायऱ्या कशाबशा उतरले, पुढे पाऊल ठेवायला जागा दिसेना. मधल्या पायरीवरच्या एका आजींनी आपली पिशवी मांडीवर घेतली आणि जागा करून दिली. "बसा की साहेब. आता उठायचं म्हटलं तर आम्हाला सगळ्यांना उठायला संध्याकाळ होईल."

साहेबांना दुसरा इलाज नव्हता. ते पायरीवर बसले. बसताना त्यांच्या तोंडून बारीकसा आवाज निघाला, तो ऐकून चार-पाच आज्यांनी सहानुभूतीने माना हलवल्या. आत्या खालून त्यांच्या बुटांकडे बघत होत्या, पण या वेळी काही बोलल्या नाहीत. बोलले ते दादा.

"साहेब, एक विचारू का?"

"विचारा ना."

"मी जिवंत आहे का?"

साहेब गोंधळले. "म्हणजे काय? आहातच की."

"तुम्हाला दिसतोय?"

"दिसताय."

"मग तेवढं लिहून द्या. मी पुन्हा वर यायचा नाही."

खालच्या आजोबांनी कान पुढे केला, त्यांना शेजाऱ्याने वाक्य पुन्हा मोठ्याने सांगितलं, ते आजोबा म्हणाले, "बरोबर आहे." साहेब बराच वेळ दादांच्या बुटांकडे बघत राहिले. ही सवय लागते.

मग त्यांनी शिपायाला दुसऱ्या मजल्यावरून खिडकीवाल्या बाईंना शिक्क्यासकट बोलावून आणायला सांगितलं. बाई आल्या. वर्षानुवर्षं एका चौकोनातून जग पाहिल्यामुळे त्या जिन्यावर उघड्यावर जरा बावरल्या होत्या. परिस्थिती समजल्यावर त्या म्हणाल्या, "पण साहेब, नियमात आहे, खिडकीसमोर हजर राहावं. इथे खिडकी कुठंय?"

बाईंची काही चूक नव्हती. नियमात तसंच होतं. सगळे इकडेतिकडे बघू लागले. आणि आत्या स्टुलावरून उठल्या. त्यांची ती जमिनीलगतची नजर जिन्यापासून निघाली, चाकं नसलेल्या मोटारीवरून गेली आणि वॉचमनच्या केबिनपाशी थांबली. केबिनला एक खिडकी होती. लहानशी, धुळकट काचेची.

वॉचमन आतच बसला होता.

"उठा," आत्या म्हणाल्या.

वॉचमन आपला डबा आणि रेडिओ घेऊन बाहेर आला. बाई आत बसल्या. काच सरकवली. दादा एका हाताने काठी टेकत, दुसरा हात कुणालाही धरू न देता खिडकीसमोर जाऊन उभे राहिले. बाई त्यांना कितीतरी वर्षं ओळखत होत्या, तरी नियमाप्रमाणे त्यांनी विचारलं, "आपण स्वतःच का?"

"अजून तरी," दादा म्हणाले.

शिक्का उमटला. त्या आवाजासरशी अख्खा जिना खाली सांडला. प्रत्येकालाच दाखला हवा होता. काठ्या सापडेनात, पिशव्यांची अदलाबदल झाली. आत्या रांग लावू लागल्या, "गुडघे पुढे, कंबर मागे. हातांची खुर्ची आणा कुणीतरी." औषधवाल्यांनी मला खूण केली आणि मी मानपत्र वाचायला सुरुवात केली. इतक्या लोकांसमोर मी आजवर वाचलेलं नाही, आणि इतक्या लोकांनी मिळून माझ्याकडे कधी पाठ फिरवलेली नाही. आत्यांनीही एक अक्षर ऐकलं नाही. वाढवलेलं पान तर पूर्ण फुकट गेलं. सन्मानचिन्ह वरच राहिलं होतं. ते आणायला औषधवाले तिसऱ्या मजल्यावर जाऊन आले आणि खाली पोचले ते असे पांढरेफटक होऊन की आत्यांनी त्यांना धरून हातांच्या खुर्चीत बसवलं आणि पाणी पाजलं. सन्मानचिन्ह त्यांनी बसल्या बसल्याच दिलं. आत्यांनी ते घेतलं, शेजारच्या आजोबांच्या हातात धरायला दिलं आणि रांगेकडे वळल्या.

दिवस मावळताना मी पाहिलं तेव्हा भाऊबहीण घरी निघाले होते. दादा पुढे, आत्या मागे. आत्यांना नवे बूट चावत असावेत, त्या जरा लंगडत होत्या. हे मी त्यांना कधी सांगितलं नाही.

खिडकी केबिनमध्येच राहिली. सुरुवातीला तात्पुरती म्हणून, मग सवयीने. वॉचमनला बाहेर छपराखाली खुर्ची मिळाली, आत्यांनी बघून घेतलेली, हातांची. त्यानंतर दादा दर वर्षी आपल्या पायांनी जाऊन जिवंत असल्याचं सांगून येत. जायच्या दिवशी सकाळी लवकर उठत, बुटांना पॉलिश करत आणि वर्तमानपत्र शेवटच्या पानापर्यंत वाचत. आत्यांना बरोबर येऊ देत, पण बोलू देत नसत.

मागच्या हिवाळ्यात दादा गेले. झोपेतच गेले. मी आत्यांना म्हणालो, कचेरीतलं काम मी करून येतो. त्या म्हणाल्या, नको, माझा भाऊ होता. त्यांनी स्टूल घेतलं आणि गेल्या, वाटेत प्रत्येक वळणावर ते मांडून बसत. मृत्यूच्या दाखल्याची खिडकी अजून दुसऱ्या मजल्यावरच आहे.